नावं राहू द्या, पण युद्धाचं नावही लिहा

नेदरलँड्सच्या दक्षिणेला, लिम्बर्ख प्रांतातल्या रूरमोंड शहराच्या एका बागेत १९४५ ते १९६२ या काळात डच ईस्ट इंडीज या वसाहतीत, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, मरण पावलेल्या डच सैनिकांचं स्मारक आहे. ७ सप्टेंबर १९८८ रोजी राजपुत्र बर्नहार्ड यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. तिथल्या स्तंभांवर सहा हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे पुष्पचक्रं वाहिली जातात. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याविरुद्धच्या त्या युद्धातले सैनिक आज नव्वदीच्या पुढे आहेत, त्यामुळे आता मुलं, नातवंडं आणि सरकारी पाहुणेच जास्त दिसतात. अशी लहान-मोठी स्मारकं त्या देशातल्या अनेक गावांत आहेत. कुठे एखादं ब्राँझचं शिल्प, कुठे दगडात कोरलेली गावातल्या पाच-सात पोरांची नावं.

ही स्मारकं पाडा असं म्हणणारे आहेत, आणि त्यांना हातही लावू नका असं म्हणणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाही. स्मारक राहिलं पाहिजे आणि त्यावरचं एकही नाव कमी होता कामा नये. मात्र ही मुलं कोणत्या युद्धात मेली, त्यांना कोणी धाडलं आणि त्याच युद्धात समोरची किती माणसं मेली, हे त्याच जागी, तितक्याच ठळक अक्षरांत लिहिलेलं असलं पाहिजे. आज अशा बहुतेक दगडांवर लिहिलेलं असतं ते ‘डच ईस्ट इंडीजमध्ये पडलेल्यांच्या स्मरणार्थ’ अशा धर्तीचं काहीतरी. त्यात मृत्यू असतो, त्याचं कारण नसतं.

आधी स्मारकाची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हात्ता यांनी जकार्तात इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली. नेदरलँड्स तेव्हा पाच वर्षांच्या जर्मन ताब्यातून नुकताच सुटला होता. रूरमोंड तर १ मार्च १९४५ला मोकळं झालं. दक्षिणेतला काही भाग १९४४च्या सप्टेंबरपासूनच मुक्त होत गेला होता आणि तिथल्या हजारो तरुणांनी स्वेच्छेने सैन्यात नावं घातली होती. जर्मनांशी आणि मग जपान्यांशी लढायचं, या भावनेने ते गेले होते. जपानने शरणागती पत्करली आणि ही मुलं जावा-सुमात्रात पोचली ती एका नव्या प्रजासत्ताकाविरुद्ध बंदूक धरायला. त्यांच्या मागोमाग सक्तीच्या भरतीतली मुलं गेली, जवळपास एक लाख. सक्तीने भरती केलेल्या सैनिकाला त्याच्या संमतीशिवाय समुद्रापार पाठवायला डच राज्यघटनेत मनाई होती. ती मनाई १९४७मध्ये काढून टाकली गेली, पण पहिल्या बोटी १९४६च्या सप्टेंबरमध्येच सुटल्या होत्या. म्हणजे त्या मुलांशी त्यांच्या स्वतःच्या सरकारने केलेला पहिला व्यवहारच घटनेला वळसा घालून झाला.

१९४५ ते १९४९च्या त्या युद्धाच्या काळात सुमारे पाच हजार डच सैनिक मेले. त्यातले जवळपास निम्मे लढाईत नव्हे, आजारांत आणि अपघातांत गेले. हिवताप, आमांश, घाटात उलटलेला ट्रक. त्यांचे देह घरी आले नाहीत. इंडोनेशियात आज सात डच युद्धदफनभूमी आहेत: जकार्तात दोन, सेमारांगमध्ये दोन, बांडुंगला एक, शेजारी चिमाहीजवळ एक आणि सुराबायात एक. पांढऱ्या क्रुसांच्या त्या रांगांत जवळपास पंचवीस हजार माणसं आहेत. त्यांत जपानी छावण्यांत मेलेल्या बायका-मुलांचाही मोठा भरणा आहे. लिम्बर्खमधल्या एखाद्या खाणकामगाराच्या बायकोला १९४८मध्ये मुलगा गेल्याची तार आली, तर त्या बाईला सेमारांगला जाऊन फूल ठेवणं शक्य होतं का? पुढे त्या सैनिकांबद्दल कोणी बोलेनासं झालं. देश युद्ध हरला होता आणि त्याची आठवणही नकोशी झाली होती. परत आलेल्यांचं स्वागत थंड झालं. रूरमोंडचं स्मारक उभं राहायला शेवटच्या बोटी परतल्यापासून साडेतीन-चार दशकं लागली, आणि ते माजी सैनिकांनीच नेट लावून उभं करून घेतलं. ज्या घरांना थडगं मिळालं नाही, त्यांच्यासाठी त्या स्तंभावरचं नाव हेच थडगं आहे. ते उखडा म्हणणाऱ्याने एकदा हा विचार करावा.

पण ते स्मारक उभं राहिलं त्याच सुमारास दुसरं काय घडत होतं?

नेदरलँड्सच्या दुसऱ्या महायुद्धाचा अधिकृत इतिहास अनेक खंडांत लिहिणारे लू डी याँग तेव्हा इंडोनेशियावरच्या भागापर्यंत आले होते. १९८७मध्ये त्यांच्या मसुद्यातला काही मजकूर बाहेर फुटला. त्यात त्यांनी डच सैन्याच्या कृत्यांना ‘युद्धगुन्हे’ म्हटलं होतं. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या. १९८८मध्ये छापील खंड आला तेव्हा तिथे ‘अतिरेक’ असा सौम्य शब्द होता. ज्या वर्षी एका बागेत मृतांची नावं धातूत कोरली गेली, त्याच वर्षी एका ग्रंथातून त्या युद्धाचं खरं वर्णन खोडलं गेलं. या दोन गोष्टी एकाच हातांनी केल्या असं मी म्हणत नाही. पण त्या एकाच हवेत घडल्या, आणि त्या हवेचा परिणाम दगडावर दिसतो.

‘अतिरेक’ हा शब्द तोवर जुना झाला होता. जानेवारी १९६९मध्ये योप ह्युटिंग हे माजी सैनिक, तेव्हा मानसशास्त्रज्ञ, डच टेलिव्हिजनवर आले आणि त्यांनी सांगितलं, की आम्ही कैद्यांना गोळ्या घातल्या, कांपोंगांवर, म्हणजे खेड्यांवर, गोळीबार केला. त्यांना इतक्या धमक्या आल्या की कुटुंबासह काही काळ लपून राहावं लागलं. सरकारने घाईघाईने अहवाल तयार केला आणि निष्कर्ष काढला: काही अतिरेक झाले, पण एकूण सैन्य नीट वागलं. पुढची पन्नासहून जास्त वर्षं हीच सरकारी भूमिका होती. स्मारकांवरचा मजकूर आणि अनावरणाची भाषणं याच भूमिकेच्या सावलीत लिहिली गेली.

आता प्रत्यक्षात काय झालं ते पाहू. ९ डिसेंबर १९४७ला पश्चिम जावातल्या रावागेडे गावात डच सैनिक एका इंडोनेशियन अधिकाऱ्याच्या शोधात शिरले. तो सापडला नाही. गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. इंडोनेशियाच्या मते ४३१, तेव्हाच्या डच आकड्यांनुसार सुमारे दीडशे. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी जानेवारी १९४८मध्येच ही कृती जाणूनबुजून आणि निर्दयपणे केलेली असल्याचं नोंदवलं. कोणावरही खटला भरला गेला नाही. १४ सप्टेंबर २०११ रोजी हेगच्या न्यायालयाने डच शासनाला जबाबदार धरलं आणि मुदत संपल्याचा शासनाचा बचाव फेटाळला. विधवांना प्रत्येकी २० हजार युरो मिळाले आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला डच राजदूताने रावागेडेत जाऊन माफी मागितली. दक्षिण सुलावेसीत डच कॅप्टन वेस्टरलिंगच्या तुकड्यांनी १९४६-४७च्या हिवाळ्यात जे हत्याकांड केलं त्याबद्दलची माफी २०१३मध्ये आली. राजा विलेम-अलेक्झांडर मार्च २०२०मध्ये इंडोनेशियात माफी मागून आले. १७ फेब्रुवारी २०२२ला तीन डच संशोधन संस्थांच्या एकत्रित प्रकल्पाचे निष्कर्ष जाहीर झाले: डच सैन्याने पराकोटीची हिंसा सर्रास आणि अनेकदा जाणूनबुजून केली, आणि राजकीय, लष्करी व न्यायिक अशा सर्व स्तरांवर तिच्याकडे काणाडोळा झाला. पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी त्याच दिवशी माफी मागितली. जून २०२३मध्ये त्यांनी संसदेत १७ ऑगस्ट १९४५ हाच इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन म्हणून निःसंदिग्धपणे मान्य केला. त्या युद्धात इंडोनेशियाची सुमारे एक लाख माणसं मेली असा अंदाज आहे.

रुट्टे यांच्या २०२२च्या माफीतली एक गोष्ट फारशी चर्चिली गेली नाही. त्यांनी इंडोनेशियाच्या जनतेची माफी मागितलीच, शिवाय ज्या डच सैनिकांनी त्या काळात सरळ वर्तन केलं त्यांचीही मागितली. माझा सगळा युक्तिवाद त्या एका गोष्टीवर उभा आहे. हेगमधल्या मंत्रिमंडळाने, सेनापती स्पोर यांच्या मुख्यालयाने आणि डोळे मिटलेल्या न्यायाधिकाऱ्यांनी दोन समूहांवर अन्याय केला. एक जावातल्या शेतकऱ्यांवर, दुसरा स्वतःच्याच एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांवर. हे दोन अन्याय समान आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही. रावागेडेच्या रांगेत उभा केलेला माणूस आणि त्याच्यासमोर बंदूक घेऊन उभा असलेला माणूस एका पारड्यात बसत नाहीत. पण दोघांना त्या मैदानात आणणारा निर्णय एकच होता. स्मारकाच्या मजकुरात तो निर्णय दिसत नाही तेव्हा ज्यांनी तो घेतला ते सुटतात. मृत सैनिकाचं नाव पावसात उभं राहतं आणि मंत्र्याचं नाव कुठेच नसतं.

म्हणून स्मारक बोलतं करणं हा सैनिकांचा अपमान आहे, हे म्हणणं मला उलटं वाटतं. गप्प दगडाने त्यांचा अपमान केला आहे.

डच माणसाला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. रेनेनजवळ ग्रेबेबर्ग नावाची टेकडी आहे. मे १९४०मध्ये जर्मनांनी हल्ला केला तेव्हा तिथे तीन दिवस घनघोर लढाई झाली. तिथल्या लष्करी दफनभूमीत त्या लढाईतले चारशेहून अधिक डच सैनिक आहेत. त्या जागी कोणी मजकुराबद्दल वाद घालत नाही, कारण आक्रमक कोण आणि घर कोणाचं हे जन्मतः सगळ्यांना ठाऊक असतं. रूरमोंडला तसं नाही. तिथे घर दुसऱ्याचं होतं. ग्रेबेबर्गचा आणि रूरमोंडचा मजकूर एकाच साच्यातून काढला, की १९४८मध्ये जावात मेलेला मुलगासुद्धा मायभूमीचं रक्षण करताना गेला असा आभास तयार होतो. एक वाक्यही खोटं न लिहिता खोटं सांगता येतं, ते असं.

इथे एक फरक करायलाच हवा, नाहीतर सगळी स्मारकं एका काठीने हाकली जातात. ॲम्स्टरडॅममध्ये १९३५मध्ये फान हॉइत्स यांचं भव्य स्मारक उभं राहिलं. हे सुमात्रातल्या आचेच्या युद्धातले सेनानी, पुढे गव्हर्नर-जनरल झाले. होर्नच्या चौकात १८९३पासून यान पीटरसोन कूनचा पुतळा आहे. १६२१मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांडा बेटांवरचे लोक मारून, विकून बेटं ओस पाडणारा तोच. हे हुकूम देणारे लोक होते, आणि त्यांचे पुतळे त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव म्हणून उभारले गेले. फान हॉइत्सच्या स्मारकावर स्फोटकांचे हल्ले झाले, १९८४मध्ये त्यांच्या नावाची पाटी चोरीला गेली, आणि शेवटी नगरपालिकेने त्याचं नाव आणि अर्थ बदलला. आज ते इंडीज आणि नेदरलँड्स यांच्या संबंधांचं स्मारक म्हणून ओळखलं जातं. शिल्पकार फ्रिट्स फान हाल स्वतः डाव्या विचारांचे होते, पुढे नाझीविरोधी प्रतिकारात उतरले आणि छळछावणीतून परतले नाहीत. त्यांनी मध्यभागी उभी केलेली उंच स्त्रीमूर्ती नवा अर्थ पेलू शकली याचं श्रेय त्यांच्या कलेलाही आहे. तिथे नाव काढणं योग्य होतं असं मी मानतो. पण जे सेनानीला लागू ते सक्तीने नेलेल्या शिपायाला लागू नाही. सेनानीचं नाव काढलं की गौरव कमी होतो. शिपायाचं नाव काढलं की एक माणूस दुसऱ्यांदा नाहीसा होतो.

यावर एक आक्षेप मला खरोखर जड वाटतो. शोकाला मोकळी जागा हवी, थडग्याशी कोणी भाषण देत नाही. आई मुलाच्या नावावरून बोट फिरवत असताना शेजारी एक लाख मेलेल्यांचा आकडा कशाला? मी याचा बराच विचार केला आहे. खाजगी थडग्यावर तो आकडा नकोच. सेमारांगच्या क्रुसावर माणसाचं नाव, हुद्दा आणि दोन तारखा एवढंच असावं. पण रूरमोंडची जागा सार्वजनिक आहे. तिथे मंत्री येतात, लष्कराचा बँड वाजतो, राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरतो. शासन जिथे शोक करायला उभं राहतं तिथे शासनाने स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे. शोक कुटुंबाचा आणि मौन सरकारचं, अशी वाटणी मान्य करता येत नाही.

‘म्हाताऱ्यांना जाऊ द्या, मग बदला’ असंही म्हटलं जातं. दयेच्या भाषेतला हा सल्ला मला क्रूर वाटतो. ज्यांना खरं माहीत आहे, ज्यांच्यातल्या काहींनी ते आयुष्यभर छातीत दाबून ठेवलं, त्यांच्या डोळ्यांदेखत ते लिहिलं जावं. ते गेल्यावर पाटी लावणं म्हणजे त्यांच्या पाठीमागे बोलणं. आणि सगळे माजी सैनिक एका मताचे आहेत हा समजही खोटा आहे. ह्युटिंग त्यांच्यातलेच होते.

मजकूर लिहिताना दुसरी टोकाची चूकही होऊ शकते. १९४५च्या शेवटी आणि १९४६च्या सुरुवातीला जावात डच, युरेशियन, चिनी आणि मोलुक्कन नागरिकांच्या कत्तली झाल्या. हजारो माणसं त्यात गेली, त्यात छावण्यांतून नुकतेच सुटलेलेही होते. त्यांचे नातेवाईक आज नेदरलँड्समध्ये आहेत. हे गाळून नुसता डच अपराधाचा पाढा वाचला तर तोही अर्धाच इतिहास. आणि मग वसाहतीच्या सैन्यातले सैनिक, ज्यांत बहुसंख्य डच नव्हतेच: अंबोनी, मेनाडोनी, जावानी. ‘पडलेले डच सैनिक’ म्हणताना त्यांना कुठे ठेवायचं? १९५१मध्ये सुमारे साडेबारा हजार मोलुक्कन सैनिक आणि कुटुंबीयांना नेदरलँड्सला आणलं गेलं आणि पोचताच सैनिकांना सैन्यातून काढून टाकलं. निष्ठेचं असं फळ मिळालेल्या लोकांची आठवण त्या दगडाजवळ वेगळ्या ओळीत यायला हवी.

ही सगळी परक्या देशाची भानगड आहे, असं मराठी वाचकाने म्हणू नये. २५ ऑक्टोबर १९४५ला सुराबायाच्या बंदरात जी ४९वी भारतीय ब्रिगेड उतरली, तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांतून लामावर गेलेली पोरं. काम सांगितलं होतं जपान्यांची शस्त्रं काढून घेण्याचं आणि कैद्यांना सोडवण्याचं. सुराबायाच्या लोकांना मात्र या बोटींमागून डच परत येताना दिसत होते. तीन-चार दिवसांत शहर पेटलं, ठिकठिकाणी विखुरलेल्या लहान तुकड्या वेढल्या गेल्या, ३० ऑक्टोबरला ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मॅलाबी मारले गेले. १० नोव्हेंबरला इंग्रजांनी पाचवी भारतीय डिव्हिजन घेऊन शहरावर हल्ला चढवला. इंडोनेशिया तो दिवस वीर दिन म्हणून पाळतो. एका साम्राज्याच्या वर्दीत, दुसऱ्या साम्राज्याच्या वाटेवर, तिसऱ्याच लोकांच्या स्वातंत्र्याविरुद्ध आपली माणसं उभी केली गेली आणि मेली. त्यांना धाडू नका म्हणून काँग्रेसने तेव्हाच निषेध केला होता. पुढे २० जानेवारी १९४९ला नेहरूंनी इंडोनेशियावरच्या दुसऱ्या मोठ्या डच हल्ल्याविरुद्ध दिल्लीत परिषद भरवली. जकार्ताच्या मेंतेंग पुलोमध्ये राष्ट्रकुलाची युद्धदफनभूमी आणि डच दफनभूमी एकमेकींना लागून आहेत. आपण आपल्या पलटणींचे विजय पोवाड्यात गातो. सुराबायाच्या त्या मराठी जवानांबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकांनी काय सांगितलं? त्यांच्या नावापुढे काय लिहायचं हा प्रश्न रूरमोंडइतकाच आपलाही आहे.

मग रूरमोंडला आणि अशा प्रत्येक गावातल्या दगडावर नेमकं काय लिहावं? माझ्या मते चार-पाच साधी वाक्यं पुरेत. हे सैनिक नेदरलँड्सने इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याविरुद्ध केलेल्या वसाहतवादी युद्धात मेले. त्यांना त्या वेळच्या डच सरकारने पाठवलं. त्या युद्धात सुमारे एक लाख इंडोनेशियन मेले, आणि डच सैन्याच्या हिंसेबद्दल डच शासनाने माफी मागितली आहे. १९४५-४६मध्ये अनेक समाजांचे हजारो नागरिक मारले गेले. हजारो तरुणांनी त्या बोटींवर चढायला नकार दिला आणि त्यातल्या अनेकांनी तुरुंगवास भोगला. हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ते नसेल तर वाचणाऱ्याला वाटेल, की त्या काळी वेगळं वागता येतच नव्हतं. हा मजकूर बाजूच्या खांबावर लॅमिनेट करून नको आणि मोबाइलने वाचायच्या चौकोनी खुणेमागे दडवूनही नको. नावं ज्या धातूत आहेत त्याच धातूत हवा. होर्नमध्ये कूनच्या पुतळ्याखालची पाटी २०१२मध्ये बदलली, तेव्हा चौथरा कोसळला नाही.

यासाठी हेगच्या परवानगीची वाट पाहायचं कारण नाही. ४ मेच्या राष्ट्रीय स्मरणदिनी वाचल्या जाणाऱ्या निवेदनातही आता वसाहतवादी युद्ध हे शब्द आले आहेत. गावातली स्मारकं बहुधा नगरपालिकेच्या ताब्यात असतात, मजकुरावरचा ठराव नगरसेवकच करू शकतात. नेदरलँड्समध्ये शाळा आपल्या गावातलं एखादं युद्धस्मारक दत्तक घेतात. दहा-बारा वर्षांची मुलं ते स्वच्छ करतात, तिथे फुलं ठेवतात, कविता वाचतात. आज त्यांतल्या कित्येक मुलांच्या घरी आजी-आजोबा जावाचे किंवा मोलुक्का बेटांचे आहेत. वर्गातलं कोणीतरी विचारणारच, की आमच्या गावचा हा मुलगा इतक्या लांब लढायला का गेला होता. शिक्षिकेला ते उत्तर दगडाकडे बोट दाखवून देता यावं, एवढ्यासाठी नगरपालिकेने येत्या अंदाजपत्रकात थोडे पैसे बाजूला काढावेत.